रिफंड नेमका कुठे थांबलाय, ते आधी पाहा

वाचकाचं पत्र

मी ६४ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. पेन्शन आणि दोन बँकांतल्या ठेवींचं व्याज, एवढंच माझं उत्पन्न. ओळखीचा एक मुलगा दरवर्षी माझं इन्कम टॅक्सचं रिटर्न भरतो आणि रिफंड आला की त्याचे दहा टक्के घेतो. यंदा, २०२५ मध्ये, ९ सप्टेंबरला रिटर्न भरलं. ३८,६४० रुपये परत येतील म्हणाला होता. डिसेंबर उजाडला तरी पैसे नाहीत. माझ्या भाच्याचे आठवड्याभरात आले. शेजारी म्हणतात, आता चौकशी लागणार. तो मुलगा आधी ‘येतील हो’ म्हणायचा, आता फोन उचलत नाही. दुसरे एक गृहस्थ म्हणतात, ‘आत ओळख आहे, पाच हजार द्या, काढून देतो.’ या पैशांवर मी दातांचं काम ठरवलं होतं. माझ्या हातून काही चुकलं का? ऑफिसात जाऊन विचारलं तर उलट काही मागे लागेल का?

— एक निवृत्त शिक्षिका

उत्तर

ताई, नमस्कार.

सर्वांत आधी, ते पाच हजार कुणालाही देऊ नका. रिटर्नवरची प्रक्रिया बंगळूरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात, ज्याला सगळे सीपीसी म्हणतात तिथे, संगणकावर होते. तुमच्या गावच्या आयकर कार्यालयात कुणाच्या टेबलावर तुमची फाइल पडून आहे आणि कुणीतरी ती पुढे सरकवायची आहे, असं चित्र डोळ्यांसमोर असेल तर ते पुसून टाका. रिफंड मंजूर झाला की पैसे स्टेट बँकेमार्फत थेट तुमच्या खात्यात जमा होतात. ओळख सांगणारे हे गृहस्थ फार तर आयकर खात्याचं पोर्टल, म्हणजे संकेतस्थळ, उघडून तुम्हालाही दिसेल तेच पाहतील, आणि पैसे आपसूक आले की ‘मी काढून दिले’ म्हणतील. त्यांनी ओटीपी किंवा पासवर्ड मागितला तर तोही देऊ नका.

आणि विचारायला घाबरू नका. तुमच्या उत्पन्नावर जितका कर बसतो त्याहून जास्त कापला गेला असेल, तर तो वरचा पैसा तुमचाच आहे. तो कधी मिळेल हे विचारलं म्हणून कुणाच्या मागे चौकशी लागत नाही. कोणतं रिटर्न तपासायचं हे त्यातल्या आकड्यांवरून ठरतं, तक्रार कुणी केली यावरून ठरत नाही.

आता उशिराकडे येऊ. रिटर्नची पडताळणी झाली की साधारण चार ते पाच आठवड्यांत रिफंड जमा होतो, असं आयकर खातं स्वतःच सांगतं. कायद्याने मात्र खात्याला बराच लांब अवधी दिला आहे. ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरलं, ते वर्ष संपल्यापासून नऊ महिने. तुमचं रिटर्न सप्टेंबर २०२५ मध्ये गेलं. ते आर्थिक वर्ष ३१ मार्च २०२६ ला संपतं, म्हणजे ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत रिटर्नवर प्रक्रिया करायला खात्याला मुभा आहे. हे वाचून धसका घेऊ नका, बहुतेकांना इतकं थांबावं लागत नाही. पण तीन महिने झाले म्हणजे काहीतरी बेकायदा घडलंय किंवा आपण अडकलो, असा अर्थ त्यातून निघत नाही, एवढं लक्षात घ्या.

शिवाय यंदाचं वर्ष जरा वेगळं आहे. रिटर्नचे फॉर्म उशिरा आले, त्यामुळे ३१ जुलैची मुदत आधी १५ सप्टेंबरपर्यंत आणि मग आणखी एक दिवस, १६ सप्टेंबरपर्यंत वाढली. शेवटच्या दिवसांत रिटर्नांची रीघ लागली. त्यातच काही रिफंड खात्याने मुद्दाम बाजूला काढून तपासायला घेतले. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचे अध्यक्ष रवि अग्रवाल यांनी नोव्हेंबरमध्ये जाहीरपणे सांगितलं की, मोठ्या रकमेचे आणि काही वजावटींमुळे संशयास्पद वाटलेले रिफंड तपासले जात आहेत आणि रास्त रिफंड डिसेंबरपर्यंत सोडण्याचा प्रयत्न आहे. तेव्हा तुम्ही एकट्याच थांबलेल्या नाही आहात. भाच्याशी तुलनाही करू नका. ज्याचं उत्पन्न एकाच कंपनीचा पगार आणि ज्याचा सगळा टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून भरलेला कर, जुळलेला, त्याचं रिटर्न संगणक झटक्यात पुढे पाठवतो. तुमच्याकडे पेन्शन देणारी बँक वेगळी, ठेवींच्या बँका वेगळ्या, वर वजावटी. जुळवायचे धागे जास्त आहेत.

आता खरं काम. रिफंड थांबण्याच्या जागा मोजक्याच असतात. तुमचा कोणत्या जागी थांबलाय हे कळल्याशिवाय काळजी करण्यातही अर्थ नाही आणि धावपळ करण्यातही नाही. ती जागा पोर्टलवर लिहिलेली असते आणि ती तुम्ही स्वतः पाहायची आहे. त्या मुलाला विचारून नव्हे.

हे मी जोर देऊन का म्हणते आहे? तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खुपली. रिटर्न तो भरतो, मग पोर्टलवर तुमच्या नावापुढे मोबाइल नंबर आणि ईमेल कुणाचा आहे? अनेक ठिकाणी रिटर्न भरून देणारी माणसं सोयीसाठी स्वतःचाच नंबर आणि ईमेल टाकतात. मग खात्याकडून आलेलं प्रत्येक पत्र, नोटीस, खुलाशाची विचारणा त्यांच्याकडे जाते. ज्याचं रिटर्न आहे त्याला पत्ताच नसतो. तुम्हाला खात्याने दोन महिन्यांपूर्वीच काही विचारलं असेल आणि त्याचं उत्तर गेलंच नसेल, असं सहज होऊ शकतं.

म्हणून भाच्याला शेजारी बसवा आणि आयकर खात्याचं ई-फायलिंग पोर्टल उघडा. युजर आयडी म्हणजे तुमचा पॅन. पासवर्ड ठाऊक नसेल तर ‘फरगॉट पासवर्ड’वर जाऊन आधारच्या ओटीपीने नवा ठरवता येतो, त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेवा. तो मार्ग जमला नाही तर तुमच्या बँकेच्या नेट बँकिंगमधूनही पोर्टलमध्ये शिरता येतं. आत गेलात की पहिलं काम प्रोफाइल उघडण्याचं. मोबाइल आणि ईमेल तुमचा नसेल तर बदला. हे झालं की निम्मी लढाई जिंकलात, कारण यापुढे खातं तुमच्याशी बोलेल.

मग ‘ई-फाइल’मध्ये ‘इन्कम टॅक्स रिटर्न्स’ आणि त्यात ‘व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स’. तिथे आकारणी वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं, रिटर्न भरायचं वर्ष) २०२५-२६ चं रिटर्न दिसेल आणि त्याच्यापुढे एक ओळ. ती नीट वाचा.

‘ई-व्हेरिफिकेशन’ बाकी आहे असं असेल, तर रिटर्न भरलं गेलं पण त्यावर तुमची सही झालेली नाही, असं समजा. भरल्यापासून तीस दिवसांच्या आत पडताळणी करावी लागते. ती मुदत गेली असेल तरी आजच करा. मात्र मग ज्या दिवशी पडताळणी होईल तोच दिवस रिटर्न भरल्याचा धरतात आणि उशिराचं शुल्क लागू शकतं, उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,००० रुपये, त्यावर ५,०००. ३१ डिसेंबरच्या पुढे ढकलू नका.

पडताळणी झाली आहे आणि प्रक्रिया चालू आहे, असं असेल तर चेंडू सीपीसीच्या अंगणात आहे. तरीही एकदा ‘पेंडिंग ॲक्शन्स’ उघडून पाहा. तिथे ‘ई-प्रोसीडिंग्ज’मध्ये तुमच्याकडून उत्तर हवं असलेलं काही पडलेलं असू शकतं. रिटर्न सदोष आहे अशी नोटीस असेल तर पंधरा दिवसांत दुरुस्त करायची असते, आणि तुमच्या आकड्यात बदल सुचवला असेल तर तीस दिवसांत मान्य किंवा अमान्य कळवायचं असतं. मुदत उलटली असली तरी ते पत्र वाचाच, कारण रिफंड का थांबला याचं उत्तर त्यातच मिळेल.

‘रिफंड फेल्ड’ असं दिसलं तर मात्र एका अर्थी बरी बातमी. पैसे मंजूर झाले, निघाले, फक्त तुमच्या खात्यात शिरू शकले नाहीत. त्याचं मी पुढे सांगते.

आता वजावटींबद्दल. हा भाग कठीण आहे, पण टाळून चालणार नाही. रिफंडच्या दहा टक्क्यांवर रिटर्न भरणाऱ्या माणसाचा फायदा कशात असतो? रिफंड मोठा होण्यात. तुमचं रिटर्न भरणारा तो मुलगा प्रामाणिक असेलही, मी त्याला ओळखत नाही. पण या पद्धतीने काम करणाऱ्या कितीतरी जणांनी लोकांच्या नावावर न केलेल्या देणग्या, न काढलेल्या मेडिक्लेम पॉलिसी आणि न भरलेलं घरभाडं दाखवून रिफंड फुगवले आहेत. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने देशभर १५० ठिकाणी अशा मध्यस्थांची तपासणी केली. खात्याने तेव्हा दिलेल्या माहितीत दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे हे लोक कमिशनवर काम करतात, आणि दुसरी, ते रिटर्न भरण्यापुरते तात्पुरते ईमेल तयार करून नंतर सोडून देतात, त्यामुळे नोटिसा कुणी वाचतच नाही. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी स्वतःहून रिटर्न सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते. त्यांतल्या अनेकांना आपल्या नावावर काय लिहिलंय हे आधी ठाऊकही नसेल, असं मला वाटतं.

म्हणून त्याच पानावरून भरलेला फॉर्म डाउनलोड करा आणि वजावटींचं पान काढा. प्रकरण सहा-अ असं त्याला म्हणतात. तिथे कलमांचे नंबर आणि पुढे रकमा असतात. ८०सी म्हणजे विमा, पीपीएफ वगैरे. ८०डी म्हणजे आरोग्य विमा, आणि ज्येष्ठांना तो नसेल तर औषधोपचाराचा खर्च. ८०टीटीबी म्हणजे ज्येष्ठांना ठेवींच्या व्याजावर मिळणारी ५०,००० पर्यंतची सूट, ती तुम्हाला जुन्या, म्हणजे या वजावटी देणाऱ्या, करप्रणालीत रास्तच मिळते. ८०जी म्हणजे धर्मादाय देणगी. ८०जीजीसी म्हणजे राजकीय पक्षाला दिलेली देणगी. प्रत्येक ओळीवर बोट ठेवा आणि स्वतःला विचारा, हे पैसे मी खरंच दिले होते का, आणि त्याची पावती माझ्याकडे आहे का? यंदाच्या फॉर्ममध्ये आरोग्य विम्याच्या दाव्यासाठी कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबरही भरावा लागतो. तिथे तुम्ही कधी न ऐकलेली पॉलिसी दिसली तर काय घडलंय ते लगेच कळेल.

सगळं खरं निघालं, तर निश्चिंत व्हा, पावत्या एका पाकिटात ठेवा आणि पुढचा भाग वाचा.

पण एखादी ओळ खोटी निघाली, तर ताई, डोळेझाक करू नका. रिटर्न कुणीही भरून दिलं तरी त्यातल्या मजकुराची जबाबदारी कायदा तुमच्यावर टाकतो. चुकीची माहिती देऊन कर कमी दाखवला असं पुढे ठरलं, तर त्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो. ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मात्र सुधारित रिटर्न भरण्याचा हक्क तुमच्याकडे आहे. मूळ रिटर्नवर प्रक्रिया चालू असली तरी ते भरता येतं. खोटी ओळ काढा, रिफंड कमी होईल तितका होऊ द्या, आणि नव्या रिटर्नचीही पडताळणी तीस दिवसांत करा. हे काम त्याच मुलाकडून करून घेऊ नका. ठरावीक फी घेणारा, पावती देणारा सीए गाठा. पहिल्यांदा जाताना पेन्शनचा फॉर्म १६, ठेवींच्या बँकांचे फॉर्म १६ए, व्याजाचे दाखले आणि मेडिक्लेमची पावती एवढं न्या. गेल्या एकदोन वर्षांची रिटर्नही त्यांना दाखवा, कारण सवय एका वर्षात लागत नाही.

‘माझ्या हातून काही चुकलं का’ असं तुम्ही विचारलंत. आपलं रिटर्न न वाचता सही करणं ही सवय आपल्याकडे घरोघरी आहे. तुम्ही कुणाला फसवायला निघाला नव्हता, हे तुमच्या पत्रातल्या प्रत्येक ओळीत दिसतं. चूक कळल्यावर ती स्वतःहून दुरुस्त करणाऱ्याकडे खातंही वेगळ्या नजरेने पाहतं.

वजावटी ठीक असतील तर पुढची जागा टीडीएसची. तुम्ही जितका टीडीएस कापला गेला असं रिटर्नमध्ये लिहिलंत, तितकाच खात्याच्या नोंदीत दिसायला हवा. ही नोंद २६एएस नावाच्या पत्रकात असते आणि तेही पोर्टलवरूनच उघडतं. बँकेने कर कापला, पण तिमाही विवरणपत्रात तुमचा पॅन चुकवला, तर पैसे सरकारजमा होऊनही तुमच्या नावावर दिसत नाहीत. तसं असेल तर सीपीसीला कितीही विनवा, उपयोग नाही. बँकेने आपलं विवरणपत्र दुरुस्त करायला हवं. शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

इथे एक बारकावा आहे, जो निवृत्त मंडळींच्या बाबतीत वारंवार दिसतो. नवरा-बायकोच्या जोड नावावरची ठेव असेल, तर बँक ज्याचं नाव पहिलं त्याच्या पॅनवर टीडीएस दाखवते. पैसे तुमचे असले तरी पावतीवर पहिलं नाव यजमानांचं असेल, तर तो टीडीएस तुमच्या २६एएसमध्ये येणारच नाही. रिटर्न भरणाऱ्या त्या मुलाने ती रक्कम तुमच्या रिटर्नमध्ये धरली असेल तर रिफंडचा आकडा तिथेच बिघडला. ठेवींच्या पावत्या काढून पहिलं नाव कुणाचं आहे ते बघा.

दुसरं, एआयएस नावाचं वार्षिक माहितीपत्रक पाहा. त्यात बँकांनी कळवलेलं व्याज असतं. तिथे व्याज जास्त आणि रिटर्नमध्ये कमी असेल, तर संगणक तिथे थबकतो. बचत खात्याचं चारदोन हजारांचं व्याज धरायचं राहून जातं, हे नेहमीचं. तेही सुधारित रिटर्नमध्ये घालून टाका.

जुनी थकबाकी हेही एक कारण असतं. एखाद्या जुन्या वर्षाची कराची मागणी तुमच्या नावावर उभी असेल, तर खातं रिफंड त्यात वळता करू शकतं. पण तसं करण्यापूर्वी कळवावं लागतं आणि उत्तराला २१ दिवस मिळतात. ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’मध्ये काही दिसलं आणि ती मागणी चुकीची असेल, तर तिथेच ‘अमान्य’ निवडून कारण लिहा, कर भरल्याचं चलन जोडा. गप्प राहिलात तर मान्य आहे असंच धरलं जातं.

आता बँक खात्याकडे येऊ, कारण बाकी सगळं सुरळीत होऊन शेवटच्या पायरीवर पैसे अडकण्याची ही जागा. मार्च २०१९ पासून रिफंड फक्त पॅनशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होतो. पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये ‘माय बँक अकाउंट’ उघडा. तुमच्या खात्यापुढे ‘व्हॅलिडेटेड’ असं हवं, आणि रिफंडसाठी त्याची निवड केलेली हवी. तिथे कुणा दुसऱ्याचं खातं तर नाही ना, हेही बघून घ्या.

खातं मान्य न होण्याची नेहमीची दोन कारणं. एक, बँकांचं विलीनीकरण. देना आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. २०२० मध्ये सिंडिकेट कॅनरात, आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत. त्यांचे आयएफएससी कोड बदलले आणि पोर्टलवर जुनाच कोड राहिला तर पैसे परत फिरतात. दुसरं कारण नावाचं, आणि हे आपल्याकडच्या बायकांच्या वाट्याला फार येतं. पॅनवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं. किंवा पॅनवर नवऱ्याचं पूर्ण नाव मधे, आणि पासबुकावर नुसतं आद्याक्षर. कुठे आधी आडनाव, कुठे शेवटी. तुम्ही नोकरीत असताना खातं उघडलं असेल आणि पॅन नंतर काढला असेल, तर पासबुक आणि पॅन कार्ड शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर बँकेत केवायसी सुधारून घेणं सहसा पॅन बदलण्यापेक्षा सोपं पडतं. मग पोर्टलवर खातं पुन्हा तपासायला टाका, आणि रिफंड परत गेलेला असेल तर ‘सर्व्हिसेस’मधल्या ‘रिफंड रीइश्यू’मधून पुन्हा मागणी करा. त्याला पैसे पडत नाहीत.

पॅन आणि आधार जोडलेलं आहे ना, तेवढं एकदा बघा. जोडणी नसलेला पॅन जुलै २०२३ पासून निष्क्रिय धरला जातो, आणि तो तसा आहे तोवर रिफंडही मिळत नाही, त्या काळाचं व्याजही नाही.

हे सगळं पाहून झालं, सगळं ठीक निघालं आणि तरीही ओळ हलत नसेल, तर तक्रार नोंदवा. पोर्टलवर ‘ग्रीव्हन्सेस’मध्ये सीपीसी आणि रिफंड असा विषय निवडता येतो. चार वाक्यांत लिहा: पॅन, आकारणी वर्ष, रिटर्नचा पोचक्रमांक, पडताळणीची तारीख, रिफंडची रक्कम, आणि कोणतीही नोटीस प्रलंबित नाही ही गोष्ट. तुमची अडचण, वय, दातांचं काम हे लिहायला हरकत नाही, पण आकडे आधी. तक्रारीचा क्रमांक वहीत उतरवून ठेवा. फोनवर बोलायचं असेल तर १८०० १०३ ००२५ हा मोफत क्रमांक आहे. तिथून समाधान झालं नाही तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवरही लिहिता येतं. आयकर कार्यालयात आयकर सेवा केंद्र असतं, तिथे जाऊन विचारलं तरी चालतं, ज्येष्ठ नागरिक म्हणून नि:संकोच जा. मात्र पोर्टलवर तुमचं प्रकरण स्थानिक निर्धारण अधिकाऱ्याकडे वर्ग केल्याचं लिहिलं असेल, तर सीएला बरोबर घेऊन जा, कारण तिथे कागद मागितले जातील.

प्रक्रिया पूर्ण झाली की ईमेलवर कलम १४३(१) ची सूचना येते. शेजारी म्हणतात ती चौकशी ही नव्हे. प्रत्येकाला येणारा हा हिशेबाचा कागद आहे. पीडीएफ उघडायचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि लगेच पुढे जन्मतारीख, दिवस, महिना, वर्ष अशी आठ आकड्यांत. आत दोन रकाने असतात, तुम्ही भरलेलं आणि खात्याने मोजलेलं. दोन्हींत जिथे फरक दिसेल तिथे तुमचे पैसे कमी झाले. खात्याचं चुकलं असेल तर दुरुस्तीचा अर्ज पोर्टलवरच करता येतो.

उशिराचं व्याजही मिळतं. दर महिन्याला अर्धा टक्का, आणि मुदतीत रिटर्न भरलेल्यांना ते १ एप्रिलपासून मोजतात. १६ सप्टेंबरच्या आत तुमची पडताळणी झाली असेल, किंवा भरल्यापासून तीस दिवसांत झाली असेल, तर तुम्ही मुदतीतल्याच. ३८,६४० पूर्ण मंजूर झाले आणि डिसेंबरमध्ये आले, तर नऊ महिन्यांचे साडेचार टक्के, म्हणजे १,७३७ रुपये वर. रिफंड तुमच्या एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर हे व्याज नसतं, आणि उशीर तुमच्यामुळे झाला असेल तर तेवढा काळ वगळतात. हे व्याज करपात्र आहे, ते ज्या वर्षी मिळेल त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये ‘इतर उत्पन्ना’त दाखवा.

या दिवसांत एक सावधगिरी फार गरजेची. रिफंडची वाट पाहणाऱ्यांना गाठण्यासाठी खोटे संदेश फिरतात. २०२३ मध्ये ‘१५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर झाला आहे, खाते क्रमांक तपासून घ्या’ असा एसएमएस खाली लिंक देऊन अनेकांना आला होता. तो बनावट असल्याचं सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने जाहीर केलं. आयकर खातं फोनवर किंवा संदेशातून कधीच पिन, ओटीपी किंवा कार्डाचा नंबर मागत नाही. तुम्ही हल्ली रिफंडच्या विचारात आहात, त्यामुळे असा संदेश आला तर बोट पटकन लिंकवर जाईल. जाऊ देऊ नका. जे पाहायचं ते पोर्टलवर स्वतः जाऊन पाहा.

दातांचं काम रिफंडवर अवलंबून ठेवू नका, असं मी आग्रहाने सांगेन. दुखत असेल तर डॉक्टरांशी बोला, टप्प्याटप्प्याने करून घेता येतं का विचारा. सरकारकडचे पैसे उशिरा आले तर व्याजासकट येतात, दुखणं मात्र वाढतच जातं.

पुढच्या वर्षी मुळात रिफंडची वेळच येऊ नये, यासाठीही एक करता येईल. तुमच्या वयाच्या माणसाला, वर्षाचा कर शून्य येणार असेल, तर बँकेत तसा घोषणेचा फॉर्म (मार्च २०२६ पर्यंत तो १५एच) देऊन ठेवींवरचा टीडीएस थांबवता येतो. एप्रिलमध्ये प्रत्येक बँकेत वेगळा द्यावा लागतो. २०२५-२६ पासून ज्येष्ठांच्या व्याजावर टीडीएस लागायची मर्यादाही एका बँकेपुरती ५०,००० वरून एक लाख झाली आहे, आणि नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर करच लागत नाही. तुम्हाला जुनी प्रणाली फायद्याची की नवी, हे सीएकडे जाल तेव्हा दोन्हीकडून मांडून घ्या, आणि पेन्शनच्या बँकेला तसं लेखी कळवा. म्हणजे महिन्याच्या महिन्याला पेन्शनमधूनही जास्तीचा कर कापला जाणार नाही.